विठाबाईला हवी तशी बॅटरी

खोक्यातून बॅटरी बाहेर निघाली आणि विठाबाईचं डोकं तिथंच फिरलं.

काळी, हातभर लांब, उचलायला दगडासारखी. बटण शेपटाला, तोंडाला दाते. पोलिसानं कमरेला लटकवावी अशी ती वस्तू उदयसिंहानं आईसाठी ऑनलाइन मागवली होती, आणि ती तिच्यापुढं धरताना दारात नवी मोटारसायकल उभी केल्यासारखा तो हसत होता.

“दीड किलोमीटर उजेड जातोय हिचा, आई. पाण्यात पडली तरी काय हुईत न्हाय. लोकांनी साडेचार स्टार दिल्यात.”

“दीड किलोमीटरवर मला कुणाला बघायचंय?” विठाबाई म्हणाली. “मला पायाखाली दिसाय पायजे. मी तुला काय सांगिटलतं?”

“बॅटरी सांगिटलीस. आणली की.”

नुसती बॅटरी सांगितली नव्हती. जेवताना, ताटावर बसून, नीट समजावून सांगितलं होतं. हलकी बघ. बटण बाजूला पाहिजे आणि ते सरकवायचं असावं, दाबायचं नको. उजेड पसरट आणि जरा पिवळसर. गळ्यात अडकवायला दोरी. आणि मोबाइलच्याच चार्जरवर चार्ज होणारी, लई महाग नको. उदयसिंह एका हातानं भाकरी मोडत आणि दुसऱ्या हातानं मोबाइल चाळत ‘व्हय, व्हय’ म्हणत होता. त्या ‘व्हय व्हय’चं हे असं फळ.

विठाबाई पोवार म्हणजे एसटीची निवृत्त कंडक्टर. नवरा एसटीतच ड्रायव्हर होता. तो अचानक गेला, त्याच्या जागी तिला नोकरी लागली, तेव्हा उदय प्राथमिक शाळेत होता. खांद्याला पिशवी अडकवून तिनं आजरा, गारगोटी, वडगाव असा अर्धा जिल्हा उभ्यानं पालथा घातला, पोराला शिकवलं, शिवाजी पेठेतलं घर नीट बांधून काढलं. निवृत्त झाल्यावर तिला एकच नाद लागला. उजाडायच्या आत उठून रंकाळा तलावाला चक्कर मारायची. सोबतीला मागच्या गल्लीतली खैरुनबी, ब्लाऊज शिवणारी. दोघी वयानं सारख्या आणि तोंडानंही सारख्याच. निम्मं चालणं, निम्मं बोलणं, आणि परतताना चहा.

मग पाइपलाइनसाठी गल्ली खणली. चर खणली ती तशीच उघडी राहिली, खांबावरचे दिवे गेले ते परत आले नाहीत. एका पहाटे विठाबाईचा पाय चरीत गेला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी अंगठ्यात जोर आला नाही. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो दाबता दाबता तिला रडू यायचं. त्यातच आदल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पांढरा झगझगीत उजेड डोळ्यांत सुईसारखा घुसायचा. म्हणून हलकी. म्हणून सरकतं बटण. म्हणून पिवळसर उजेड. यातलं एकही लाड म्हणून मागितलेलं नव्हतं. आणि लाड म्हणून मागितलं असतं तरी काय बिघडलं असतं, असंही तिला वाटत होतं.

तरी आणलीच आहे म्हणून दुसऱ्या पहाटे ती काळी बॅटरी घेऊन बाहेर पडली. कोपऱ्यावर खैरुनबी उभी होती. विठाबाईनं बॅटरी पोटाशी धरून दोन्ही अंगठ्यांनी शेपटाचं बटण दाबलं. असा उजेड पडला, की समोरच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरचं वाळत घातलेलं धोतर दिसलं. पायाखाली मात्र अंधारच. उजेड कमी करावा म्हणून तिनं परत दाबलं, तर ती बया भकभक उघडझाप करायला लागली.

“आगं बंद कर गं बाई!” खैरुनबीनं डोळ्यांवर पदर घेतला. “डोळं गेलं माझं!”

“हुईत न्हाय बंद! अंगठा चालत न्हाय माझा!”

कुत्री उठली. कट्ट्यावर झोपणारे सयाजीराव अंथरुणावर उठून बसले आणि ओरडले, “कोण हाय? कुणाच्यात ॲम्ब्युलन्स आली?” विठाबाईनं बॅटरी पदराखाली घातली, तर पदरातूनही उघडझाप चालूच. वरच्या खिडकीतून कुणीतरी खदाखदा हसलं. शेवटी खैरुनबीनं ती हिसकावून घेतली, भिंतीला टेकवून कशीबशी विझवली, आणि दोघी रंकाळा न बघताच घरी गेल्या.

घरात उदयसिंह चहा पीत होता. सगळं ऐकून म्हणाला, “मोड बदलायला लागतंय आई. तीनदा दाबायचं, मग थांबायचं, मग–”

“अंगठा चालत न्हाय म्हणतोय मी.”

“मग राहू दे की फिरणं.” हे त्यानं फार पटकन म्हटलं. “गच्चीवर चाल. लाइट हाय, खड्डा न्हाय, कुत्रं न्हाय.”

“गच्चीवर? टाकीभोवती बैलासारखी फिरू?”

सून स्नेहल गॅसपाशी उभी होती. दूध उतू जायला अजून अवकाश होता, तरी ती दुधाकडंच बघत राहिली.

“काय नको,” विठाबाई म्हणाली. “ही परत पाठव. मी उद्या जाऊन माझी मी घेऊन येतो. माझ्या पेन्शनीतनं.”

“कुठनं?”

“विजयसिंहाच्या दुकानातनं. तुझ्या तालमीतलाच हाय, नीट दाखवील.”

उदयसिंहानं उरलेला चहा एका घोटात संपवला.

विजयसिंहाचं इलेक्ट्रिकचं दुकान महाद्वार रोडच्या एका आडगल्लीत होतं. हा उदयसिंहाच्या बरोबरीनं तालमीच्या संघातून फुटबॉल खेळलेला गडी. लहानपणी मॅच झाली की चिखलाच्या पायांनी विठाबाईच्या स्वयंपाकघरात यायचा आणि उदयच्या आधी ताटावर बसायचा. ती दुकानात शिरली तेव्हा एक माणूस पंख्याचा कंडेन्सर घेत होता आणि एक बाई मिक्सर दुरुस्तीला देत होती.

“या काकी, या!” विजयसिंह म्हणाला, पण म्हणताना त्याची नजर तिच्यावर ठरली नाही.

तिनं काय हवं ते सांगितलं. उदयला सांगितलं होतं तसंच, मनगट पुढं करून, कारणासकट. त्यानं मान डोलावली आणि काउंटरवर एक गुलाबी बॅटरी ठेवली, तिच्यावर चमकीची फुलं.

“ही बघा. लेडीज बॅटरी.”

“बॅटरीत बी बाई-बाप्या असतंय व्हय रं?”

मिक्सरवाली बाई फिस्सकन हसली. विजयसिंहानं गुलाबी बाजूला केली आणि दुसरी काढली. तिचं बटण इतकं घट्ट, की त्याचाच अंगठा लाल झाला. तिसरी कपाळाला बांधायची. ती त्यानं तिच्या कपाळापाशी धरूनसुद्धा दाखवली. मग कंदिलासारखी एक बॅटरी आणली आणि म्हणाला, “आज्जी लोकं हीच नेत्यात. टेबलावर ठेवायची.”

“मी टेबलावर फिराय जात न्हाय,” विठाबाई म्हणाली. आता तिचा आवाज चढायला लागला होता. मी बोलते ते मराठीच आहे ना, असं तिला वाटायला लागलं. हलकी म्हटलं की जड येते. सरकतं म्हटलं की दाबायचं येतं. ज्याला त्याला वाटतं, म्हातारी बोलतेय, बोलू दे, आपण द्यायचं ते देऊ.

तेवढ्यात तिला ती दिसली. वरच्या फळीवर, खिळ्याला, पिवळ्या रंगाची. आखूड, तोंड रुंद, बाजूला काळं बटण, आणि दोरीसुद्धा.

“ती काढ.”

“ती... ती तुमच्या कामाची न्हाय काकी.”

“काढ तर आधी.”

त्यानं उगाच स्टूल शोधलं, मग काठीनं काढली, मग पुसत बसला. विठाबाईनं त्याच्या हातातून घेतली. बटणावर अंगठा ठेवला आणि पुढं सरकवला. सरकलं. एका झटक्यात, न दुखता. तिनं वाकून काउंटरखालच्या अंधारात, वायरच्या भेंडोळ्यांवर, उजेड धरला. मऊ, पसरट, देवघरातल्या समईसारखा उजेड वायरींवर पडला. डोळ्यांना काही टोचलं नाही. प्लास्टर निघाल्यापासून तिच्या उजव्या हातानं पहिल्यांदाच एखादं काम एका दमात केलं होतं. तिनं दोनतीनदा उगाचच लावली, विझवली.

“हीच,” ती म्हणाली. “केवढ्याला?”

“ती विकायची न्हाय. सँपल हाय.”

“मग दुसरी दे.”

“स्टॉक संपला.”

“मागं तसलीच खोकी रचल्यात की. पिवळं चित्र दिसतंय मला इथनं.”

“ती... बुकिंगची हायत काकी.”

विठाबाई सरळ उभी राहिली. मिसरूड फुटलेलं पोरगं मांडीवर बसवून ‘अजून बारा पूर्ण न्हाईत, अर्धं द्या’ म्हणणारे बाप तिनं नोकरीभर बघितले होते. त्या बापांची मान जशी खिडकीकडं वळायची, तशीच विजयसिंहाची मान आता कंडेन्सरकडं वळली होती.

“विज्या. हिकडं बघ. काय भानगड हाय?”

“काय न्हाय काकी.”

“माझ्या घरात जेवलायस तू. हिकडं बघ आणि सांग.”

त्यानं गल्ल्याच्या खणाशी चाळा केला. मग हळू आवाजात म्हणाला, “उदयाचा फोन आलता सकाळी. म्हणाला आई ईल. तिला जमंल आसं काय देऊ नको. कायबाय दाखव, आणि न्हायच म्हण. बॅटरी मिळाली न्हाय तर बाहेर पडायची न्हाय ती.”

मिक्सरवाली बाई हसायची थांबली. विठाबाईच्या कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं. पोरानं चुकीची बॅटरी आणली, याचा राग तिला होताच, पण तो वेंधळेपणाचा राग होता. हे निराळंच होतं. म्हणजे ती जेवताना समजावून सांगत होती ते सगळं त्यानं नीट ऐकलं होतं. ऐकूनच उलटं केलं होतं.

“आणि तू व्हय म्हणालास?”

“काकी, तो तुमच्या काळजीनंच–”

“तुला विचारलं, तू व्हय म्हणालास?”

“तुमच्या घरातलं हाय, मला मधी घेऊ नका. उद्या तुम्ही पडला तर तो माझ्या नावानं बोंब मारंल.”

“मी पडलो तर खड्ड्यानं पडन, रं! बॅटरीनं पडतंय व्हय कोण?” तिचा आवाज आता पार रस्त्यापर्यंत गेला. फूटपाथवरून जाणारी दोन माणसं थांबली. “आयुष्यभर तिकिटं फाडली मी. वडगावचं मागितलं त्याला वडगावचं दिलं. तुमचा पोरगा नको म्हणतोय, तुम्ही अलीकडं शिरोलीलाच उतरा, आसं एका तरी पॅसेंजरला म्हंटलंय मी? पैसं घिऊन आलोय तुझ्या दारात. भीक मागाय न्हाय!”

“काकी, बसा, पाणी प्या–”

“पाणी ठेव तुझं.”

तिनं पिवळी बॅटरी काउंटरवर ठेवली. आपटली नाही, ठेवली, कारण वस्तूचा काही गुन्हा नव्हता. आणि ती बाहेर पडली.

ऊन मी म्हणत होतं. ती घरी न जाता थेट खैरुनबीच्या दारात गेली. खैरुनबी मशिनवर होती. सगळं ऐकेपर्यंत तिचा पाय पायडलवरच थांबून राहिला.

“उदयनं?” ती म्हणाली. “आपल्या उदयनं?”

“त्यानंच.”

“या अल्ला.” खैरुनबीनं चष्मा काढला. “आगं, मग मी जातो की. मला कुठं वळखतोय तो विजयसिंह? मी पिवळी आणतो, तुझ्या हातात देतो. काम झालं.”

“चोरून?” विठाबाई ताडकन म्हणाली. “माझ्या पैशानं माझीच बॅटरी चोरून आणू? मी काय गुन्हा केलाय?”

खैरुनबीनं चष्मा परत चढवला. मग म्हणाली, “खरंय. नको.” आणि तिनं तिला लिंबूसरबत करून दिलं. विठाबाई ते एका दमात प्याली, तरी आतलं काही निवलं नाही.

संध्याकाळी उदयसिंह एमआयडीसीतून आला तेव्हा ती दारातल्या खुर्चीत बसली होती. त्यानं बूट काढायच्या आतच तिनं विचारलं, “विजयसिंहाला फोन केलतास?”

तो एक बूट हातात घेऊन उभा राहिला. नाही म्हणाला नाही, एवढं त्याचं नशीब.

“केला. मग काय करू? तू ऐकतीस कुणाचं?”

“माझ्या फिरण्यात तुझं काय ऐकायचंय मी?”

“पडलीस तू आई! चरीत पडलीस! सयाजीरावांनी मला हाक मारली तेव्हा तू चिखलात बसलीवतीस, हात असा लोंबत हुता.” त्याचा आवाज फाटला. “बाबांच्या येळला पण कुणीतरी असंच दारात येऊन हाक मारलती. मला अजून तसंच वाटतंय. तू बाहेर गेलीस की मी जागा असतोय. तू येईपतूर जागा असतोय.”

विठाबाईला हे माहीत नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, त्याला जवळ घ्यावं. पण राग तसाच जागेवर होता, आणि तो खोटाही नव्हता.

“मग हे मला सांगायचं हुतंस,” ती म्हणाली. “आई, मला भ्या वाटतंय म्हण. मी ऐकलं असतं, रडलो असतो, तुझ्याशी भांडलोही असतो. तू दुकानदाराला फोन केलास. माझ्या माघारी. चार लोकांत तो मला सँपल हाय, बुकिंग हाय म्हणून उल्लू बनवत बसला. मी लहान पोरगी हाय व्हय? हिला चॉकलेट देऊ नको म्हणून वाण्याला डोळा मारायला?”

“तुझ्या भल्यासाठीच–”

“माझं भलं मला विचारून करायचं. न्हायतर करायचं न्हाय.”

स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती चाचरत म्हणाली, “आई, मी ह्यांना सांगितलं होतं, असं करू नका म्हणून.”

विठाबाई तिच्याकडं वळली. “त्याला सांगिटलंस. मला का न्हाय सांगिटलंस? मी उन्हाची तिथवर गेलो, तुला ठावं हुतं मला काय मिळायचं न्हाय. तू मला चप्पल काढून दिलीस गं पायांत!”

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री घरात कुणी कुणाला नीट वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी विठाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून निघाली.

“कुठं?” उदयसिंहानं विचारलं.

“वडगावला.”

“वडगावला काय हाय?”

“तिथं तुझ्या वळखीचं कोण न्हाय.”

तो काही बोलायच्या आत ती चौकात पोचली. खैरुनबी मशिन बंद ठेवून आली होती. बसमध्ये कोवळ्या वयाची कंडक्टर होती. तिनं दोन अर्धी तिकिटं दिली, आणि विठाबाईनं सवयीनं त्यांवरचा टप्पा तपासला. शिरोली गेलं, टोप गेलं, दोन्ही बाजूंना ऊस मागं पळत राहिला. वाटेत खैरुनबी म्हणाली, “एका बॅटरीपायी पेठ वडगाव. लोक हसतील आपल्याला.”

“हसू देत.”

पेठ वडगावात पहिल्या दुकानात नुसत्या पोलिसी बॅटऱ्या होत्या. दुसऱ्या दुकानात पोरगा कानातलं न काढताच बोलला, तिथून दोघी तशाच वळल्या. तिसरं दुकान बाजाराच्या तोंडाला, अरुंद आणि खोल. आत पांढऱ्या दाढीचे इलाही नावाचे गृहस्थ रेडिओ ऐकत बसले होते. त्यांनी आधी रेडिओ बंद केला.

“काय पायजे आक्का?”

विठाबाईनं सांगितलं. परत तेच, पण आता आवाज आधीच भांडणाच्या पट्टीत होता. हलकी. सरकतं बटण. पसरट, पिवळा उजेड. दोरी. मोबाइलच्या चार्जरवर चालणारी. लई महाग नको. आणि शेवटी: “घरी कुणाला फोन बिन करणार न्हाईसा न्हवं?”

“कुणाला?” इलाही गोंधळले.

“कुणाला न्हाय. दाखवा.”

त्यांनी फळीवरून दोन काढल्या. “सगळं एकात घावत न्हाय आक्का. ही पिवळ्या उजेडाची, पण बटण दाबायचं. जरा मऊ हाय. ही सरकत्या बटणाची, पण उजेड पांढरा. काय सोडायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

एवढंच बोलून ते मागं सरले. मागच्या बाजूला माल ठेवायची अंधारी खोली होती, तिचं दार त्यांनी उघडून दिलं आणि परत रेडिओपाशी जाऊन बसले.

दोघी मैत्रिणी त्या अंधारात कितीतरी वेळ होत्या. पोत्यांवर उजेड पाडून बघितला, जमिनीवर पाडून बघितला. मोकळ्या हातात एक आणि पिशवी अडकवलेल्या हातात दुसरी, असंही चालून बघितलं. पिवळ्या उजेडाची बॅटरी लावताना पहिल्या दोन वेळा बटण दबलं, तिसऱ्या वेळी अंगठा घसरला.

“पण उजेड बघ किती गोड हाय,” खैरुनबी म्हणाली. “हीच घे. बटण मी दाबीन की. मी असतोच बरोबर.”

“आणि तुझं गुडघं दुखलं त्या दिवशी?”

“त्या दिवशी जाऊ नको.”

“तू बी उदयसारखंच बोलाय लागलीस.”

खैरुनबी रागावली. “बरं बाई, मला काय करायचंय. घे तुला कुठली घ्यायची ती.” आणि पोत्यावर बसली.

विठाबाईनं सरकत्या बटणाची घेतली हातात. मोरपंखी रंगाची, लहान, तोंड रुंद. पांढरा उजेड होता, पण विखुरलेला होता. समोर धरला की डोळे आक्रसत होते. खाली, पायाच्या अंगठ्यापुढं धरला की त्रास नव्हता. ती तशी धरून खोलीभर फिरली. आपल्याला उजेड बघायचा नाही, वाट बघायची आहे, असं तिनं स्वतःशी ठरवलं. समईचा उजेड गेला याची चुटपुट लागली. पण लावणं-विझवणं तिच्या एकटीच्या हातात होतं.

“ही,” ती म्हणाली.

“दोरी न्हाय हिला,” इलाही दारात येऊन म्हणाले.

“ती मी शिवतो,” पोत्यावरून खैरुनबी म्हणाली. राग होता, तरी म्हणाली.

किंमत बऱ्यापैकी होती. विठाबाईनं घासाघीस केली नाही. पिशवीत न टाकता ती बॅटरी हातातच धरून बसमध्ये बसली.

दोन दिवसांनी, बॅटरीच्या पाठीला निळ्या फितीची दोरी लागल्यावर, ती पहाटे निघाली. दार उघडलं तर पायरीवर उदयसिंह बसलेला. चप्पल घालून.

“मी येतो कोपऱ्यापतूर,” तो म्हणाला.

“कशाला?”

“असंच.”

तिनं अंगठा सरकवला. उजेडात चरीची कड दिसली, तिच्यावर टाकलेली फळी दिसली, फळीवरचा चिखल दिसला. उदयसिंहानं हात पुढं केला. तिनं धरला नाही. फळी ओलांडून ती पलीकडं गेली, आणि मग मागं वळून त्याच्या पायांपुढं उजेड धरला, कारण तो अंधारात चाचपडत होता. कोपऱ्यावर खैरुनबी आली तसा तो परत फिरला. दोघी रंकाळ्याला पोचल्या तेव्हा पाण्यावर नुकतं तांबडं फुटत होतं. विठाबाई पूर्ण चक्कर चालली आणि चक्करभर उदयसिंहाबद्दलच बोलत राहिली.

रविवारी दुपारी ती म्हणाली, “चल, विजयसिंहाकडं जायचंय.”

“आता कशाला? मिळाली की बॅटरी.”

“बॅटरी घ्यायची न्हाय. तू त्याला नको द्यायला सांगिटलंस न्हवं? आता जाऊन तोंडानं परत घे ते.”

“आई, फोन करतो की.”

“फोन न्हाय. मी चार लोकांत ऐकलंय.”

उदयसिंहानं स्नेहलकडं बघितलं. स्नेहल म्हणाली, “जाऊन या.” तिनं हे बऱ्याच मोठ्यानं म्हटलं.

दुकानात त्या दिवशीही गिऱ्हाईक होतं. विजयसिंह दोघांना बघून उठून उभा राहिला. उदयसिंहानं काउंटरवर बोटं टेकवली, काढली, परत टेकवली. त्याचे कान लाल झाले होते.

“विज्या,” तो म्हणाला, “मी त्या दिवशी फोन केला ते चुकलं. आई काय मागंल ते तिला द्यायचं. मला विचारायचं न्हाय.”

“व्हय भावा,” विजयसिंह म्हणाला. मग विठाबाईकडं बघून, “चुकलं काकी. ती पिवळी हाय अजून. घेऊन जावा, पैसं नकोत.”

“नको. माझी हाय माझ्याकडं.”

“न्हाय, तशीच घ्या की. माझ्याकडनं.”

“फुकटची घ्याय आलो न्हवतो मी त्या दिवशी बी,” ती म्हणाली आणि वळली.

रस्त्यावर आल्यावर मायलेकरं घराच्या वाटेला लागली. ऊसरसवाल्याच्या गाड्यापाशी उदयसिंह थांबला, दोन ग्लास सांगितले. आईच्या हातात ग्लास देताना म्हणाला, “झालं समाधान?”

“न्हाय.”

“अजून राग हाय?”

“हाय की,” विठाबाई म्हणाली. तिनं ग्लास डाव्या हातातून उजव्या हातात घेतला, नीट धरला गेलाय का बघितलं, आणि एक घोट घेतला. “जाईल हळूहळू. तू घाई करू नको.”